टांगलेलं घोंगडं

दर रविवारी चन्नवीर शेठच्या सोलापूरच्या बंगल्यात पाहुणे यायचे. चिवडा झाला, चहाचे कप हातात आले की शेठ त्यांना मागच्या खोलीत नेऊन मागावर विणणारी ऋतुजा दाखवायचे. नवी गाडी दाखवावी तशी.

"आमच्या पदरी आहे ही. मेंढक्याची पोर, पण हात बघा."

त्या रविवारी ऋतुजाची आजी गोजाबाई सांगोल्याहून भाकरी घेऊन आली होती. तिला मागच्या पायरीवर बसवलं आणि कागदी कपात चहा दिला. पाहुण्यांचे कप चिनी मातीचे. गोजाबाईनं चहाला तोंड लावलं नाही.

खोटं कशाला बोलायचं, माग शेठनंच दिला, लोकरही दिली. घोंगड्यात पवनचक्क्या विणणाऱ्या पोरीला गावानं येड्यात काढलं होतं, तेव्हा याच माणसानं तिचं पहिलं घोंगडं घेऊन दिवाणखान्यात टांगलं. पण माग दिला म्हणजे पोरीचं डोकंही घेतलं, असा त्यांचा हिशेब.

आज मागावर कोरडा तलाव होता, काठाला मेलेली मेंढी. गेल्या उन्हाळ्यात गोजाबाईच्या मांडीवर मेलेली. एका पाहुणीनं नाक मुरडलं. शेठ गोड हसले.

"ऋतुजा, ती मेंढी उसव. तिथं मोर घाल."

माग गेला तर विणायचं कशावर? ऋतुजानं मान खाली घालून कात्री उचलली.

गोजाबाई उठली. दिवाणखान्यात गेली, भिंतीवरचं घोंगडं खस्सकन ओढलं, चकचकीत फरशीवर अंथरलं आणि मधोमध मांडी घालून बसली. सगळे मागोमाग धावत आले.

"आजी, ते बसायचं नाही," शेठ म्हणाले.

"आमच्यात पाव्हण्याला घोंगडं आंथरत्यात, भिताडाला न्हाय टांगत. या, बसा की माज्याशेजारी. बसलासा तर पोर मोर बी घालंल."

शेठनी पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुण्यांनी आपापल्या कपात पाहिलं. बसलं कुणीच नाही.

"व्हय ना? मग ज्येला आमच्याशेजारी बसवत न्हाय, त्येनं आमची मेंढी उसवाय सांगू न्हाय."

ऋतुजा मागच्या खोलीत परतली. त्याच कात्रीनं तिनं मागाचे ताणे, उभे धागे कापले, अर्धवट विणलेलं घोंगडं मेंढीसकट गुंडाळलं आणि काखेत मारलं.

"त्यात तुमची जेवडी लोकर गेली, तेवडी फुडल्या येळी मेंढरं कातरली की धाडून दिऊ," म्हणत गोजाबाई नातीला घेऊन पुढच्या दारानं बाहेर पडली.

फरशीवरच्या घोंगड्याला वळसा घालून पाहुण्यांनी चहा संपवला.

तुमच्याही भिंतीवर कुणाच्या हातची कला असेल. एकदा खाली काढून अंथरा, ती विणणारीला बोलवा, आणि बघा तुम्हाला तिच्याशेजारी बसवतंय का.