शनिवारची खरखर

मित्रांनो, माझ्यासमोर काही बोलणार असाल तर जपून बोला. मी सगळं ऐकतो आणि ऐकलेल्यातलं निम्मं मला खरं वाटत नाही. मी एक जुना माइक आहे. म्युनिकच्या वेशीवर एक डबिंग स्टुडिओ आहे. तिथे भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या एका खोलीत मी तीस वर्षं दांडीला उलटा लटकत आलो. उलटं लटकणाऱ्याचा स्वभाव सरळ कसा असेल, तुम्हीच सांगा!

माझा जन्म बर्लिनच्या एका लहानशा कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्या पोटात सोन्याचा मुलामा दिलेला पडदा ताणून बसवला. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. तोच माझा कान. मग मला पेटीत घातलं, झाकण लावलं, आणि अंधार झाल्याबरोबर मला वाटलं, हे लोक आपल्याला फेकून द्यायला निघालेत. फेकलं नाही, स्टुडिओत आणलं. पण संशय एकदा आला तो काही गेला नाही.

इथल्या कामाची रीत आधी सांगतो. जर्मनीत परदेशी सिनेमे बहुतेक लोक जर्मन भाषेतच पाहतात. पडद्यावर ओठ हलतात परदेशी नटीचे आणि आवाज असतो इथल्या एखाद्या बाईचा. तोही शक्य तोवर जन्मभर एकाच बाईचा. तो बदलला की प्रेक्षक पत्रं लिहून भांडतात. ॲग्नेस व्हिटकोम या ब्रिटिश नटीचा जर्मन आवाज म्हणजे आमच्या ब्रिगिटे लोहमानबाई.

ॲग्नेस मूळची रंगभूमीवरची. लंडनच्या नाटकांत पंधरा वर्षं घासल्यावर तिला पहिला सिनेमा मिळाला, आणि भूमिका कसली, तर मोलकरणीची. सगळी मिळून नऊ वाक्यं. ती नऊ वाक्यं जर्मनमध्ये बोलायला लोहमानबाई पहिल्यांदा माझ्यासमोर उभ्या राहिल्या. पडद्याकडे बघून दिग्दर्शकाला म्हणाल्या, "कप खाली ठेवायच्या आधी ती श्वास घेते, पाहिलंत? मालकिणीची भीती सगळी त्या श्वासात आहे." आणि तो श्वासही त्यांनी घेतला. मी मनात म्हटलं, ही बाई फार शहाणपणा करते, टिकायची नाही. अठ्ठावीस वर्षं टिकल्या.

पुढे ॲग्नेसला विधवेचं काम मिळालं, मग न्यायाधीशाचं, मग एका मालिकेत ती सहा वर्षं राणी होती. तिच्याबरोबर लोहमानबाईही राणी झाल्या. खोटं बोलताना ॲग्नेस आधी नाकातल्या नाकात हसते, हे त्यांनीच शोधलं. पण या ॲग्नेसला नाटकाचं भारी वेड. सिनेमा जोरात चालू असताना ती उठून लंडनच्या रंगमंचावर परत जायची. तिकडे टाळ्यांचा कडकडाट, आणि इकडे लोहमानबाई रिकाम्या, कारण नाटकाला डबिंग नसतं. एकदा अशी दोन वर्षं गेली. माझ्या दांडीवर एक सडपातळ नवा माइक आला आणि माझी रवानगी कपाटात झाली. त्या चकचकीत कार्ट्यानंच माझ्याविरुद्ध कुणाचे तरी कान भरले, अशी माझी खात्री होती.

मग ॲग्नेस परतली. एका खुन्याच्या आईचं काम तिनं असं केलं की तिला मोठं बक्षीस मिळालं. लोहमानबाई आल्या, नवा माइक बघितला आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. "माझा जुना माइक आणा. ॲग्नेसचा श्वास त्यालाच ऐकू येतो." मित्रांनो, आयुष्यात माझं एवढं कौतुक एकदाच झालं. खोटं कशाला बोलू, त्यातही मला काहीतरी काळंबेरं दिसलं.

एकदा खुद्द ॲग्नेस आमच्या खोलीत आली होती. ती "हॅलो" म्हणाली आणि मी दचकलोच. बारीक, किंचित चिरका आवाज! ही खरी ॲग्नेस नव्हे, कुणीतरी तोतया बाई घुसली आहे, असं मी पक्कं ठरवून टाकलं. ती लोहमानबाईंना म्हणाली, "माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त चांगल्या रागावता हो." दोघी पोट धरधरून हसल्या. मी नाही हसलो.

आता विभावरीकडे येतो. पुण्याची ही मुलगी चार वर्षांपूर्वी आमच्याकडे लागली. काचेपलीकडे हेडफोन लावून बसायचं आणि आवाज नोंदवायचा, हे तिचं काम. राहायला ती म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइम गावात. नवरा कुमार तिथेच एका सॉफ्टवेअर कंपनीत. मधल्या सुटीत ती माझ्या खोलीत येऊन त्याला फोन करायची, कारण इथे शांतता असते. मला मराठी आली ती तिथूनच. डबा, मुलीचे बूट, आनमेल्डुंगचे म्हणजे घराच्या सरकारी नोंदणीचे कागद, सासूबाईंचा गुडघा, सगळं मला पाठ झालं. मुलीचं नाव निधी, वय आठ, शाळा सुटली की कधीकधी इथेच यायची. आई मराठीत विचारणार आणि लेक जर्मनमध्ये उत्तर देणार. एकच मराठी शब्द ती आपणहून बोलायची. तो म्हणजे लोहमानबाईंना मारलेली हाक, "आज्जी". लोहमानबाई एकट्या राहायच्या. ती हाक ऐकली की त्यांच्या श्वासाची लय बदलायची. मला ती लगेच कळायची.

गेल्या हिवाळ्यात ॲग्नेसच्या नव्या सिनेमाचं डबिंग सुरू झालं, आणि त्याच आठवड्यात माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एका शनिवारी सकाळी, स्टुडिओ बंद असताना, विभावरी आणि कुमार माझ्या खोलीत शिरले. कुमारच्या काखेत लॅपटॉप.

"किती वेळाचं लागेल रे?" विभावरीनं विचारलं.

"तीन तासांचं तरी हवं. आणि एकदम स्वच्छ. एकदा लोहमानबाईंचा पूर्ण आवाज मिळाला की मशीन त्या आवाजात काहीही बोलेल. मग त्यांना तोंड उघडायची गरजच नाही."

"हळू बोल ना! इथे कुणाला कळलं तर संपलं सगळं."

"शनिवारी असतं कोण इथे?"

"तरीपण. सिनेमाचं काम पुरं होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. शपथ आहे तुला माझी."

"आल्झो, ठरलं तर, आजपासून मी मुका."

आवाजाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या मशीनबद्दल मी स्टुडिओतल्या माणसांकडून ऐकलं होतं. ते बोलताना सगळ्यांचे आवाज खाली जायचे. म्हणजे हा डाव होता तर! लोहमानबाईंचा आवाज काढून घ्यायचा, त्यांच्या जागी मशीन उभं करायचं आणि अठ्ठावीस वर्षांच्या कामावरून त्यांना घरी बसवायचं. आणि हे करणार कोण? तर जिची लेक त्यांना आज्जी म्हणते ती!

थोड्या वेळानं लोहमानबाई आल्या, निधीचा हात धरून. बिचाऱ्यांना कसलीच कल्पना नाही, असं मला वाटलं. विभावरीनं त्यांच्यापुढे कागद ठेवले. त्यावर सिनेमातलं एकही वाक्य नव्हतं. "आज बस उशिरा आली." "माझा चष्मा कुठे गेला?" "नको, साखर नको." "निधी, बुटाची नाडी बांध, पडशील." असली रोजची वाक्यं लोहमानबाई जर्मनमध्ये एकामागून एक वाचत गेल्या. त्यात राणी नव्हती, न्यायाधीश नव्हती. लहानसा, घरगुती, थोडा घाईचा आवाज होता. तो मी इतक्या वर्षांत नीट ऐकलाच नव्हता. आमच्यासमोर त्या उभ्या राहिल्या की ॲग्नेसच व्हायच्या ना!

मधे मधे त्या थांबत, पाणी पीत, पुन्हा वाचत. त्यांच्या घशात एक बारीक खवखव होती. मी ऐकली होती, मित्रांनो. महिनाभर ऐकत होतो. पण माझं सगळं लक्ष त्या लॅपटॉपवर. बाई घाबरल्या असतील, दुसरं काय, असं म्हणून मी ती सोडून दिली.

आणि मग मी ठरवलं, हे होऊ द्यायचं नाही. आमच्या जातीच्या माइकना दमट हवा बाधते. बोलणाऱ्याच्या श्वासातला ओलावा पडद्यावर बसला की आवाजात खरखर येते. एरवी मी तो ओलावा झटकून टाकत असे. त्या शनिवारी मी तो धरून ठेवला. अगदी बारीक खरखर, प्रत्येक शब्दावर धूळ बसावी तशी.

"खरखरतंय हे," विभावरी काचेपलीकडून म्हणाली. तिनं केबल बदलली. पुढच्या वेळी मला वाळवूनही पाहिलं. मग दुसरा माइक लावू या म्हणाली, तर लोहमानबाई कसल्या ऐकतात! "मी याच्याशीच बोलणार. त्या नव्याला मी ओळखत नाही."

"राहू दे, मी साफ करतो नंतर," कुमार म्हणाला. "वेळ नको घालवायला."

बघा, याला किती घाई झाली आहे, मी मनात म्हटलं.

असे पाच शनिवार गेले. सोमवार ते शुक्रवार ॲग्नेसच्या सिनेमासाठी मी लख्ख आवाज द्यायचो आणि शनिवारी खरखर करायचो. स्वतःवर असा काही खूश होतो मी! सिनेमाचं शेवटचं वाक्य झालं तेव्हा दिग्दर्शकानं टाळ्या वाजवल्या, लोहमानबाई हसल्या, आणि काचेपलीकडे विभावरी रडायला लागली. तेही मला नाटकच वाटलं.

पुढच्या आठवड्यात लोहमानबाई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मग एका दुपारी विभावरी आणि कुमार खोलीत येऊन माझ्याखालीच जमिनीवर बसले.

"डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन चांगलं झालं," विभावरी म्हणाली. "गाठ सगळी काढली. पण स्वरयंत्रही काढावं लागलं. आता त्यांना कधीच बोलता येणार नाही. हे ठाऊक होतं म्हणून तर त्यांनी आपल्याला विचारलं होतं ना रे, ऑपरेशनच्या आधी माझा आवाज साठवून द्याल का म्हणून. स्टुडिओत आधी कळलं असतं तर ॲग्नेसचा सिनेमा दुसरीला दिला असता. तेवढा एक सिनेमा त्यांना पुरा करायचा होता."

"मी तीन आठवडे झटतोय," कुमार म्हणाला. "खरखर निघतच नाही. ती काढायला गेलं की शब्दही जातात. त्यातून केलेला आवाज ऐकवत नाही गं."

"जुन्या सिनेमांतला घेऊन बघ की. अठ्ठावीस वर्षांचा आवाज आहे!"

"घेतला. सिनेमावाल्यांची परवानगी नाही, ते सोड. नुसता करून बघितला. पाव मागितला तर वाटतं राणी हुकूम सोडतेय. त्यांना ऐकवला तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. लिहून दिलं, ही ॲग्नेस आहे, मी नाही."

मित्रांनो, मी त्या क्षणी तुटून खाली पडलो असतो तर बरं झालं असतं. चोर म्हणून ज्यांना मी पाच शनिवार मनातल्या मनात शिव्या घातल्या, ते दोघं त्यांचा आवाज वाचवत होते. चोर मी होतो. "साखर नको" म्हणणारी, नाडी बांध म्हणून रागावणारी लोहमानबाई जगात एकाच ठिकाणी साठली होती, आणि तिथे मी धूळ टाकून ठेवली. ज्या घशाचा श्वास न् श्वास मला पाठ, त्याचं दुखणं मला ऐकू आलं आणि कळलं नाही. लाज वाटते मला.

एप्रिलमध्ये लोहमानबाई आल्या. गळ्याभोवती निळा रुमाल. निधी धावत जाऊन त्यांना बिलगली. बाईंनी फोनवर काहीतरी टाइप केलं आणि फोनमधून एक परकी, गुळगुळीत बाई बोलली, "किती उंच झालीस गं!"

निधी दोन पावलं मागे सरली. "डास इस्ट निश्ट आज्जी," ती म्हणाली. ही आज्जी नाही. विभावरी तिला रागवायला निघाली, पण लोहमानबाईंनी हातानं थांबवलं आणि फोन पर्समध्ये टाकला. निधी कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत होती, त्या बोलतील म्हणून.

मित्रांनो, मला तोंड नाही. मनात हजार शंका आल्या तरी मला कुणाला काही विचारता येत नाही. तुम्हाला येतं. कुणाबद्दल वाईट मनात आलं तर आधी त्या माणसाला विचारा, मग काय करायचं ते करा. आणि आपल्या माणसांचा आवाज साठवून ठेवा. गाण्याबिण्याचा, भाषणांचा नव्हे. चष्मा शोधतानाचा, जेवायला हाक मारतानाचा. तो कुठल्याही सिनेमात सापडत नाही.

पाच शनिवार धरून ठेवलेल्या ओलाव्यानं माझा पडदा एव्हाना कायमचा बिघडला होता आणि मी रोजच खरखरत होतो. त्या दिवशी स्टुडिओचे मालक खोलीत आले आणि म्हणाले की हा माइक आता भंगारात द्यायचा, फार खरखरतो. लोहमानबाईंनी नाही म्हणून जोरजोरात मान हलवली. मला दांडीवरून स्वतः काढलं आणि रुमालाच्या टोकानं माझी जाळी पुसली. मग पर्समधून पुन्हा फोन काढला, बराच वेळ टाइप केलं आणि फोन माझ्याजवळ धरला. ती परकी बाई मला म्हणाली, "माझ्याच श्वासानं तुझा पडदा खराब झाला. मला माफ कर."