अब्बांचा एक तास

नगरचं अहिल्यानगर झालं त्या सालची ही गोष्ट, म्हणजे २०२४ची.

चांदबी मूळची तिसगावची. नवरा गेल्यावर ती नगरला लेकाकडे सावेडीच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. मक्का बघायची तर एकमेकींचा हात धरून, असं तिनं आणि धाकट्या नाझनीननं परकरात असतानाच ठरवलं होतं. लग्नं झाली, लेकरं झाली, नवरे गेले, पण ठरलेलं तसंच राहिलं. अखेर दिवाळीनंतर उमराहला निघणाऱ्या एका जथ्यात दोघींची नावं लागली. जथा नेणाऱ्या ऑफिसचा सगळा कारभार ज्या प्रोग्रामवर चालायचा, तो चांदबीच्या नातवानं, तिथंच कामाला असलेल्या आदिलनं लिहिलेला. त्यामुळे घरात कुणालाच घोर नव्हता.

नाझनीनचा व्हिसा आला, चांदबीचा अर्ज परत आला. पासपोर्टवर जन्म बारा जानेवारी चव्वेचाळीस, अर्जात अकरा. आदिलनं बारा टाकून पुन्हा पाठवला, तरी अकराच गेली. ऑफिसातल्या कुणी नुसता उघडून सेव्ह केला, तर दहा झाली. शेवाळलेल्या पायरीवरून पाय सुटावा तशी तारीख खाली खाली चाललेली. नाझनीनचा जन्म एकोणपन्नास सालचा, तिची तारीख मात्र जागची हलेना.

चांदबीची बॅग दाराशी भरून पडली. जिन्यात जो भेटेल तो कधी निघणार विचारी, म्हणून तिनं खाली उतरणंच सोडलं. तिसगावात असती तर शेताकडे तरी गेली असती. इथं भिंती, गॅलरीची जाळी आणि लिफ्ट, जिची तिला धास्ती. आपलाच नातू, त्याचंच मशीन, आणि वाट कुठूनच नाही.

जथा निघायला थोडेच दिवस उरले तेव्हा आदिल तिच्याजवळ येऊन बसला.

"दादी, मी तेरा टाकतो. पुढं आपोआप बारा जाईल."

"म्हंजे खोटं लिहायचं, खरं निघावं म्हणून?"

"मशीनला चकवायचंय फक्त."

"तू चकव मशीनला. मी अल्लाच्या घरी निघालेय. पहिलंच पाऊल खोटं न्हाई टाकायची."

"आपा," तिला समजवायला आलेली नाझनीन म्हणाली, "मळ्यातली बोरं चोरायचीस तवा अल्ला कुठं गेल्ता?"

चांदबीला हसू आलं, पण ती बधली नाही. नाझनीन मग जायलाच तयार होईना. शेवटी चांदबीनंच तिला हाताला धरून गाडीत बसवलं आणि घरी येऊन दार लावून घेतलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी आदिल चहाचा कप हातात तसाच धरून तिला सांगत होता. लंडनच्या घड्याळापेक्षा आपण साडेपाच तास पुढं. मशीन तारीख धरतं ती रात्री बाराच्या ठोक्याची. पण चांदबीची तारीख लंडनच्या वेळेत साठवताना ते साडेसहा तास वजा करतं आणि दाखवताना साडेपाचच मिळवतं. रात्रीच्या बाराचे अकरा होतात, दिवस आदला होतो.

"हा वरचा तास आला कुठून, तेच कळत नाही."



"माझ्या अब्बांचा हाय तो," चांदबी म्हणाली. "अम्मी म्हणायची मी दुपारी दोनला झाले, अब्बा म्हणायचे तीनला. मरेपर्यंत भांडले. दुसरी मोठी लढाई हुती, नगरच्या किल्ल्यात पुढारी कोंडलेले, अन् गोऱ्या सरकारनं घड्याळं तासभर पुढं केलेली. अब्बा छावणीत खानसामा, त्यांचे तीन वाजले की अम्मीच्या चुलीपाशी दोन."

"हे तू मला किती वेळा सांगितलंयस."

"सांगितलंय खरं. तुझ्या कानात वायरी असायच्या."

आदिलनं चहा तसाच ठेवला आणि उठला. तारीख साठवताना मशीन त्या सालचं घड्याळ धरत होतं, दाखवताना आजचं; नाझनीन लढाईनंतरची, म्हणून तिची तारीख सुटली होती. संध्याकाळी पडद्यावर बारा जानेवारी आली ती हलली नाही. तोवर नाझनीन जेद्दाला उतरली होती.

पुढच्या साली चांदबी गेली, आदिलचा हात धरून. नाझनीन परत आल्यावर न्हाणीत पडली. आता तिसगावात सुनेकडे असते, वॉकरशिवाय चालवत नाही. आदिलनं ते ऑफिस सोडलं. पुण्याला असतो, आणि म्हातारं माणूस भेटलं की आधी जन्मसाल विचारतो. चांदबी अजून सावेडीतच आहे. दर जुम्म्याला बहिणीला फोन लावते, आणि काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा कोण जास्त रडलं यावरून दोघी भांडतात. खरं काय ते ठरणार कसं? बघायला दुसरी तिथं नव्हतीच.