काकूंनी सुचवलेली तीन पुस्तके

मी एक जुना मॉनिटर आहे. संगणकाचा पडदा म्हणा हवे तर. माझ्या डाव्या कोपऱ्यात एक काळा डाग पडला आहे आणि तो रोज थोडा थोडा पसरतो. म्हणून मित्रांनो, दिसते आहे तोवर सगळे सांगून टाकतो.

कारखान्यातून निघताना माझ्यात एकही ठिपका खराब नव्हता. पहिली आठ वर्षे मी एक्स-रेच्या खोलीत काढली. लोकांची मोडकी हाडे दाखवली. तिथे आडपडदा नसे. मोडले ते मोडले. मग एक रुंद, चकचकीत मॉनिटर आला आणि माझी रवानगी जुन्या सामानाच्या दुकानात झाली. तिथून एका निवृत्त ग्रंथपाल बाईंनी मला घरी आणले.

त्यांना सगळे काकू म्हणत. सगळे म्हणजे इंटरनेटवरच्या लेखकांच्या एका गटातले दोन-अडीचशे लोक. प्रकाशकाला हस्तलिखित पाठवायचे तर सोबत पत्र लागते, आणि त्यात आपले पुस्तक कोणत्या तीन पुस्तकांच्या वळणाचे आहे ते लिहावे लागते. ती पुस्तके अलीकडची हवीत, फार गाजलेली नकोत आणि पार बुडालेलीही नकोत. आपल्याच पुस्तकाची अशी भावंडे आपल्याला दिसत नाहीत, म्हणून गटात ती एकमेकांना शोधून द्यायची पद्धत होती. त्या कामात काकूंचा हात धरणारे कोणी नव्हते. "काकू, तुम्ही देवमाणूस आहात!" असे माझ्यावर रोज उमटे. काकू ते दोनदा वाचत आणि खुशीत मला मऊ फडक्याने पुसत. ते माझे सुखाचे दिवस होते.

काकूंची स्वतःची कादंबरी मात्र सात प्रकाशकांकडून साभार परत आली होती. गटात हे कोणालाच ठाऊक नव्हते. मला होते.

मग गटात रुग्णवाहिका चालवणारा एक भाबडा माणूस आला. तो आणि त्याचा धाकटा भाऊ अकरा वर्षे एकाच गाडीवर होते. हा पुढे गाडी हाकायचा. धाकटा मागे रुग्णाचा हात धरून बसायचा आणि त्याने डोळे मिटू नयेत म्हणून वाटेल त्या थापा मारायचा. धाकटा वारला. मोठ्याने त्या सगळ्या थापा लिहून काढल्या आणि काकूंना अख्खे हस्तलिखितच पाठवून दिले. "कशासारखं आहे तेवढं सांगा, काकू. मला पुस्तकांतलं काही कळत नाही."

काकूंनी ते एका बैठकीत वाचले. बाविसाव्या पानावर हसता हसता त्यांच्या कपातला चहा सांडला. शेवटाला त्या रडल्या. आणि मग त्यांच्या पोटात दुखू लागले. योग्य ती तीन पुस्तके त्यांनी शोधून माझ्यावर शेजारी शेजारी मांडलीसुद्धा होती. ती त्यांनी एकेक करून बंद केली. त्याऐवजी तीन भडक थरारकथांची नावे लिहिली, तस्कर आणि पाठलागवाल्या. खाली लिहिले, "बाळा, ही तुझ्या पुस्तकाची भावंडं. नीट वाच हं." याला केसाने गळा कापणे म्हणतात, मित्रांनो. आणि ते मी स्वच्छ, ठळक अक्षरांत दाखवले. माझे कामच ते.

ती नावे नुसती पत्रात घालायची असतात, हे त्या नवख्याला काय माहीत? त्याने कित्ता समजून ती गिरवली. तीन महिन्यांनी त्याचा निरोप आला. "काकू, तिन्ही पुस्तकं दोनदा वाचली. एकातही भाऊ नाही. मग मीही धाकट्याला काढून टाकला, तिथे एक तस्कर घातला. परत मोह नको म्हणून जुनं सगळं पुसलं. बरोबर केलं ना?"

एवढे काकूंनीही योजले नव्हते. मला वाटले, आता तरी खरे सांगतील. त्यांनी लिहिले, "शाब्बास!" गटातल्या एकोणीस जणांनी त्याचे अभिनंदन केले.

प्रकाशकाचे उत्तर दोन ओळींचे होते: असली पुस्तके आमच्याकडे ढिगाने येतात. यात तुमचे असे काय आहे?

काल दुपारी तो व्हिडिओ कॉलवर आला. गाडीतच बसला होता. माझ्या उजव्या अर्ध्या भागावर त्याचा चेहरा होता.

"पुस्तकाचं जाऊ द्या, काकू. आईनं अंथरूण धरलंय. रोज म्हणते, धाकट्याचं ते वाचून दाखव. मी आठवेल तसं सांगतो, तर म्हणते, तो असं नव्हता बोलत. तुम्हाला पाठवलं होतं ना मी? कुठे असेल का?"

दिले तर उद्या तो तेच प्रकाशकाला पाठवील, हे काकूंना कळत होते.

"नाही रे बाळा," काकू मायेने म्हणाल्या. "इतक्या जणांचं येतं. मी काही ठेवत नाही."

"हो, तेही खरंच. तुम्हाला उगाच त्रास दिला."

तेव्हा माझ्या डाव्या अर्ध्या भागावर बाविसावे पान उघडे होते. काकू ते रोज दुपारी वाचतात. पण कॅमेरा माझ्या डोक्यावर बसतो. त्याला काकू दिसल्या. मी दिसलो नाही. माझी त्याला हाक मारायची फार इच्छा होती; मला आवाज नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादा जुना मॉनिटर असेल तर त्याला पाणी लावू नका, कोरड्या फडक्याने पुसा. आणि कोणी कितीही बाळा-बाळा केले तरी आपल्या लिखाणाची एक प्रत आपल्यापाशी ठेवा. माझा डाग आता बाविसाव्या पानाच्या पहिल्या ओळीपर्यंत आला आहे. काकू पान थोडे उजवीकडे सरकवतात आणि हसतात.