मालूबाईंचा हात

“इथला हात कुठी गेला?” सुपडू आबांनी विचारलं आणि जीपच्या बोनेटवर, नव्या हिरव्या रंगावरून तळवा फिरवला.

समाधानला कळेना. सकाळीच तो जीप बऱ्हाणपूरच्या रंगाऱ्याकडून निंबोल्याला घेऊन आला होता. बहिणीकडून परतलेले आबा खूश होतील म्हणून अंगणात शिरताना जोरात हॉर्नही वाजवला होता.

“कोणता हात, आबा?”

“तुह्या मायचा.”

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. जीप घेतली त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी आबांनी तिला स्वतः रंग दिला होता. पूजेच्या वेळी मालूबाईंनी हळदीचा हात बोनेटवर उमटवला, तर रंग अजून ओला! पाचही बोटं कायमची रुतली. आबा गल्लीदेखत ओरडले होते म्हणे, आणि पुढे आयुष्यभर त्या जागेला त्यांनी ब्रश टेकवू दिला नाही. लहानपणी ऐकलेली ही गोष्ट समाधान साफ विसरला होता. गोठ्यामागे केळीच्या पाचोळ्याखाली पडून राहिलेल्या जीपवर गंजाशिवाय त्याला काही दिसलंच नव्हतं.

मालूबाई गेल्या तेव्हापासून आबांनी जीप आणि तोंड, दोन्ही बंद केलं होतं. घरात नुसतं हं नि हूं. सून कविता ताट वाढता वाढता डोळे पुसायची. शेवटी समाधान म्हणाला, “आबा, जीप चालू करू का?” आणि दिवाळीपासून बापलेक रोज संध्याकाळी जीपखाली आडवे झाले. डिझेल पंप खोलता खोलता आबांना कंठ फुटला. “पाना दे. हा नाही रे गाढवा, मोठा!” ते ऐकून कविता स्वयंपाकघरात हसली. किती दिवसांनी त्या घरात कुणी कुणाला गाढव म्हटलं होतं.

आबांनी एवढंच बजावलं होतं, “बोनेटले हात नको लावू. ते मी पाहीन.” का, ते सांगितलं नाही. बायकोविषयी मुलापुढे चार शब्द बोलायचे म्हणजे या माणसांना भर बाजारात धोतर सुटल्यासारखं वाटतं. समाधानला वाटलं, म्हातारा नेहमीसारखं कष्टाचं काम स्वतःकडे ओढतोय. गुडघे धड नाहीत, उन्हात घासत बसेल. म्हणून आबा बहिणीकडे जसोंडीला चार दिवस राहायला गेले तेवढ्यात त्यानं डाव साधला. “बोनेट पूरा घिसना, भाई,” हेही रंगाऱ्याला त्यानंच सांगितलं.

“आबा, मले यादच नाही राह्यलं हो,” तो कसंबसं म्हणाला.

आबा खाटेवर जाऊन बसले. जीपकडे पाठ केली. समाधानला वाटलं, आता हा माणूस पुन्हा तोंड उघडणार नाही. माय एकदा गेली होती, दुसऱ्यांदा आपण घालवली. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तेवढ्यात शेजारचा सुकलाल आला. “अरे वा सुपडू, नवरीच सजवली की!” जीपभोवती फिरत तो बोनेटपाशी आला आणि थबकला. “अन् वहिनीचा हात? कोणं मिटवला रे?”

समाधाननं ‘मी’ म्हणायला तोंड उघडलं.

“मीच सांगतलं पोराले,” खाटेवरून आबा म्हणाले. “पत्रा सडला होता तिथला. किती दिस ठेवाचा?”

“बरं केलं. काम तो एकदम मस्त झालं.”

“होईन नाही तर काय. माह्या पोरानं केलं.”

सुकलाल गेल्यावर आबा उठले, दांडा धरून जीपमध्ये चढले आणि डाव्या बाजूला, मालूबाईंच्या जागी बसले.

“चाल. शाहपूरपर्यंत चक्कर मारून येऊ.”

समाधाननं किल्ली फिरवली. इंजिन झटक्यात लागलं. पण त्यानं गिअर टाकला नाही, त्याला समोरचं काही दिसत नव्हतं. आबांनीही घाई केली नाही. अंगणात जीप नुसतीच चालू राहिली.