विरेशची युनिव्हर्सिटी

माणसाला लाज नसावी, पण किती नसावी? ज्या घराशी ठरलेली सोयरीक आपणच मोडली, त्याच घरात वीरभद्रप्पा पोराची लग्नपत्रिका घेऊन आले, आणि वर कामही घेऊन आले. डाळमिलचे मालक ते. सोफ्यावर ऐसपैस बसले, चहा मागून घेतला आणि म्हणाले, "मल्लेश, जुनं सगळं विसरायचं बघ. विरेशच्या रिसेप्शनचा देखावा तूच करायचा. तुझ्या हाताची सफाई अख्ख्या सोलापुरात कुणाला न्हाय."

मांडव आणि देखावे उभारण्यात आयुष्य गेलेला मल्लेश मान खाली घालून उभा होता. आतल्या दारात त्याची लेक काव्या. हातातली चहाची किटली वीरभद्रप्पांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर उपडी करावी, असं तिला फार वाटलं. केली नाही, एवढंच.

दीड वर्षापूर्वी याच खोलीत तिचा आणि विरेशचा साखरपुडा झाला होता. पोरगा लगेच कॅनडाला शिकायला गेला आणि तिथून फोटो धाडायला लागला. दगडी मनोरा, टोकदार कमानी, भिंतीवर चढलेले लालभडक वेल, आणि हिरवळीवर पाठीला सॅक लावून हा उभा. काव्या इंटिरिअरचा डिप्लोमा केलेली, चांगली इमारत दिसली की जेवण विसरणारी. तिनं कॅनडातली कितीतरी विद्यापीठं नेटवर पालथी घातली. एक डोंगरमाथ्यावर नुसत्या करड्या काँक्रीटचं. दुसऱ्यात थंडीचं बाहेर पडावं लागू नये म्हणून या इमारतीतून त्या इमारतीत जायला जमिनीखालून बोगदे. आणि गंमत म्हणजे बहुतेकांना ना कंपाउंड ना गेट. गाव कुठं संपलं आणि कॉलेज कुठं सुरू झालं तेच कळायचं नाही. ती फोनवर विचारायची, "तुमच्या बोगद्यात उजेड कुठून येतो रे?" तो म्हणायचा, "अभ्यास आहे गं, नंतर सांगतो."

मग एक दिवस मध्यस्थाच्या तोंडून निरोप आला. पोराचं राहणं-शिकणं आता वेगळ्या पातळीवर गेलंय, अशा ठिकाणी तुमच्या मुलीचा निभाव लागायचा नाही. झालं! साड्या परत आल्या. पाठोपाठ नात्यागोत्यात कुजबुज सुरू झाली, उगाच कोण मोडतंय, पोरीतच काहीतरी खोट असणार. त्यानंतर तीन स्थळं आली, चहा-पोहे झाले, आणि पाहुणे गेले ते गेलेच. सख्ख्या मावशीनंसुद्धा एकदा बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग, तुझं काही चुकलं होतं का गं?"

"उभारायचं काय पण?" मल्लेशनं विचारलं.

"त्याची युनिव्हर्सिटी!" वीरभद्रप्पांनी खिशातून तोच मनोऱ्याचा फोटो काढला. "विरेश जिथं शिकला ते हुबेहूब पायजे. पाव्हणे बघतच ऱ्हायले पायजेत. आणि काय लागलं तर नेटवर बघा की, पोरगी शिकलेली हाय तुझी."

शिकलेली आहे म्हणे! निभाव लागत नव्हता तेव्हा काय अंगठेबहाद्दर होती?

मल्लेश नाही म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात काव्याच पुढे आली. "करू की काका. हुबेहूब करू." तेव्हा तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. तो मनोरा आपल्या हातानं असा उभा करायचा की विरेशनं बघावं आणि आपण काय घालवलं ते त्याला कळावं, इतकंच.

मल्लेशचा धंद्यातला एक नियम होता. खिडक्या मोजल्याशिवाय बांबूला हात लावायचा नाही. महाल असो, मंदिर असो, खिडक्या चुकल्या की देखावा खोटा दिसतो. फोटोत तर मनोरा अर्ध्यातच कापलेला. तेव्हा काव्यानं कॉलेजचा पत्ता शोधून काढला. विरेश सारख्या खोल्या बदलायचा म्हणून शेंगाचटणीचं नि कडक भाकरीचं पार्सल ती कॉलेजच्याच पत्त्यावर धाडायची. तो पत्ता तिनं आज पहिल्यांदाच नकाशात टाकला आणि रस्त्यावरचं चित्र उघडलं.

आधी वाटलं, आकडा चुकला. पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा टाकला.

गाड्या लावायचं मोठं पटांगण, कोपऱ्यात काळपट पडलेल्या बर्फाचा ढीग आणि मागं सपाट छताची दुमजली इमारत. खाली टायरचं दुकान, त्याच्या शेजारी कपडे धुवायचं दुकान, त्याच्या पलीकडं कुत्र्यांचे केस कापायचं दुकान. वर चार खिडक्या, आणि खिडक्यांवर बोर्ड. बोर्डावर विरेशच्या कॉलेजचं नाव, अक्षर न् अक्षर तेच. आणि तो मनोरा? तोही सापडला. त्याच शहरातल्या भल्यामोठ्या जुन्या विद्यापीठाचा, ज्याच्याशी विरेशचा काडीचा संबंध नव्हता. गेट नाही, अडवणारं कुणी नाही. बसनं जावं, हिरवळीवर उभं राहावं आणि फोटो काढून घरी यावं.

काव्याला आधी हसू फुटलं, मग तळपायाची आग मस्तकात गेली. टायरच्या दुकानावर शिकला याचा राग नव्हता तिला. शिकेल बापडा, कुठंही शिकेल. पण ज्या मनोऱ्याच्या पायरीवरही त्याचा हक्क नव्हता, त्याच मनोऱ्यापुढं तिला खुजी ठरवली होती. सोयरीक मोडल्यापासून ती स्वतःतच खोट शोधत बसली होती.

"अप्पा, हे उभारायचं," तिनं मल्लेशला मोबाईल दाखवला. "ते म्हणाले ना, जिथं शिकला ते. हे बघा."

मल्लेशनं बघितलं, पुन्हा बघितलं आणि घाम पुसला. "नको गं बाई. चाळीस वर्षं नाव कमावलंय मी. वीरभद्रप्पा बाजारात एक शब्द बोलला की मांडवाला कुणी बोलवायचं न्हाय."

"तुमचं नाव जाईल म्हणता. आणि माझं गेलं ते?"

दोन दिवस मल्लेश कामाच्या शेडकडं फिरकलाच नाही. काव्यानं एकटीनं कारागिरांकडून सांगाडा बांधून घेतला. तिसऱ्या दिवशी आला, टायरच्या दुकानाच्या पाटीपुढं उभा राहिला आणि डाफरला, "ही अक्षरं कुणी काढली? वाकडी हायेत सगळी. आण तो ब्रश हिकडं. करायचं तर नीट करायचं!" पटांगणातल्या बर्फासाठी सूतगिरणीतला टाकाऊ कापूस आणला, त्याला वरून काजळीही त्यानंच फासली. पोरीच्या दुप्पट चेव आता बापाला चढला होता.

रिसेप्शनच्या दिवशी देखाव्यापुढं पडदा. वीरभद्रप्पा तीनदा डोकवायला आले. "आधी बघितलं तर अपशकुन असतोय, अण्णा," मल्लेशनं तिन्ही वेळा धडधडीत खोटं सांगितलं. संध्याकाळी सात वाजता, लॉन पाहुण्यांनी भरल्यावर, सनईच्या सुरात पडदा बाजूला झाला.

सगळं चिडीचूप. काव्या खांबाआड उभी. आता हसतील, आता खिदळतील. आणि कुणीतरी टाळी वाजवली! बघता बघता अख्ख्या लॉननं टाळ्या वाजवल्या.

"काय स्वच्छता हाय बघा! परदेश म्हंजे परदेश."

"खाली दुकानं, वर कॉलेज. जागा कशी वापरत्यात बघा. आपल्याला सुचंल का?"

काव्याचं तोंड कडू झालं. यांनी कॅनडा बघितलाय कधी? टायरचं दुकान दाखवलं तरी हे ओवाळायला तयार. सगळी मेहनत मातीत गेली, असं म्हणून ती वळणार, तेवढ्यात तिला विरेशचा चेहरा दिसला. अंगातलं रक्त कुणी काढून घेतल्यासारखा तो पांढरा पडला होता.

वीरभद्रप्पा तरातरा मल्लेशकडं आले. आवाज दाबलेला, पण डोळे लाल. "मनोरा कुठाय रे? हे काय उभं केलंयस?"

"तुमीच म्हणलात की अण्णा, जिथं शिकला ते हुबेहूब. पत्त्यावरनं केलंय. खिडक्या मोजून घ्या."

"विरेश! सांग ह्याला, हे तुझं कॉलेज न्हाय म्हणून."

विरेश खाली बघत राहिला. वीरभद्रप्पांनी पुन्हा विचारलं नाही. पाहुणे हात जोडत पुढं येत होते, "अण्णा, पोरानं नाव काढलं हां," आणि अण्णांना कसंबसं हसून त्यांचे हात हातात घ्यावे लागले.

नवरी रेश्मा अकलूजची, मोकळ्या स्वभावाची. तिनं कौतुकानं वर बघितलं आणि विचारलं, "तुमची खिडकी कुठली ओ?"

विरेशला बोट वर करावंच लागलं. "ती. टायरवाल्याच्या वरची."

"अगंबाई! मग रबराचा वास येत असंल की दिवसभर." रेश्मा हसली आणि त्याच्या बाहीवरच्या अक्षता झटकल्या. बास, एवढंच. ना मनोऱ्याची चौकशी, ना रुसवा.

काव्यानं खांबाआडून ते ऐकलं. इतकं सोपं होतं? एवढं एक वाक्य मला सांगता आलं नाही याला?

मग फोटो सुरू झाले. मामा, आत्या, मिलमधले हमाल, कुर्डुवाडीचे रेल्वेवाले पाहुणे, सगळ्यांना कॅनडा मागं घेऊन फोटो हवा होता. विरेश त्या पाटीखाली उभा राहून हसत होता आणि घामानं निथळत होता. तासाभरानं पाणी प्यायच्या निमित्तानं तो देखाव्यामागं आला. तिथं काव्या होती.

"काव्या, मी तुला सांगणार होतो," तो म्हणाला. "तुला त्या इमारतींचं इतकं वेड. मला वाटलं, हे बघून तू हसशील. तुझ्या हसण्यापेक्षा मोडलेलं बरं वाटलं. बाबांनी तुमच्याकडं काय निरोप धाडला ते मला माहीत नव्हतं, शप्पथ."

"नंतर कळलं होतं?"

त्यानं पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

"मी हसले नसते रे," काव्या म्हणाली. "मी आले असते तिथं. त्या जिन्यात बसून तुझी वाट बघितली असती. आणि तू मला खुजी ठरवून मोकळा झालास?"

"माफ कर. आता लाइट बंद करायला सांग. माझ्यानं आणखी उभं राहवत नाही तिथं. पाया पडतो."

तिनं त्याच्याकडं एकदा नीट बघितलं. माफ? जीव गेला तरी नाही. ती सरळ बाहेर गेली, निवेदकाच्या हातातला माइक घेतला आणि गोड आवाजात म्हणाली, "मोहोळच्या पाहुण्यांचा फोटो राहिलाय. नवरदेव, या, असे टायरच्या पाटीखाली या. आणि फोटोग्राफर, वरची खिडकी आली पाहिजे हं."