उलटी पिशवी

तिने दोरीच्या टोकाची पिशवी काढली आणि तिचा हात तिथेच थांबला. पिशवीला वजन होतं.

बाकीच्या पिशव्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात उलट्या लटकत होत्या, शिवणी आणि दोरे बाहेर. नियम आईचा. उशांच्या जुन्या अभ्र्यांमधून या पिशव्या शिवल्याही तिनेच. या राखीव जंगलात वटवाघळांच्या किती जाती टिकून आहेत, याची पाहणी हे कुटुंब दरवर्षी करत आलं होतं. संध्याकाळी जाळ्यात सापडलेलं प्रत्येक वटवाघूळ एकेका पिशवीत जायचं. जात ओळखून, वजन करून, पंख मोजून झाला की त्याला सोडायचं आणि पिशवी लगेच उलटी करायची. उलटी पिशवी म्हणजे काम संपलं. अंधारात दमल्याभागल्या माणसाला डोकं चालवावं लागू नये, म्हणून काढलेली साधी युक्ती. आई गेली, पण नियम राहिला.

ही एकच पिशवी सुलट होती. तिने कापडावरून हळूच चाचपलं. आत काही हललं नाही.

काल सामान आवरताना तिने विचारलं होतं, सगळ्या झाल्या ना? "झाल्या गं. मी काय आज करतोय हे काम?" असं बाबा म्हणाले आणि ती जाळी गुंडाळायला गेली. तिथेच चुकलं. आजकाल बाबांचं उत्तर पडताळून पाहावं लागतं, हे तिला ठाऊक होतं. पण त्यांच्या देखत पडताळायचं तिच्या जिवावर यायचं.

"चहा घे. गार होईल."

बाबा दारात कप घेऊन उभे होते. हा सकाळचा दुसरा चहा. पहिला कप कठड्यावर रिकामा पडलेला होता. तिने दुसराही घेतला.

दादाचा फोन परवाच येऊन गेला होता. "यंदाचं शेवटचं. पुढच्या वर्षी त्यांना न्यायचं नाही, आणि हे तूच सांग. माझं ते ऐकणार नाहीत." सांगणं सोपं होतं का? घरी दिवसभर खिडकीशी बसून राहणारा माणूस इथे शिट्टी वाजवत जाळीचे बांबू रोवायचा. दोन घास जास्त जेवायचा. जंगल काढून घेतलं तर या माणसाजवळ उरणार काय? दोन दिवस ती हे सांगणं उद्यावर ढकलत होती.

"हातात काय आहे?" बाबांनी विचारलं.

"एक पिशवी राहून गेली." तिने कप खाली ठेवला. "मी विसरले, बाबा."

"तू?"

"हो. मीच."

बाबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "अगं, जीव आहे तो! काय शिकवलं होतं आईने तुला? पाठ फिरली की झालं?" मग त्यांचा आवाज खाली आला, आणि त्यात कितीतरी दिवसांनी जरा तरतरी आली. "म्हणजे तुझ्या एकटीवर सोडायची सोय नाही. पुढच्या वर्षीही मलाच यावं लागणार, दिसतंय."

"यावंच लागेल," ती म्हणाली. आणखी एक वर्ष मिळालं, असं तिला वाटलं. तिला इतकं हलकं वाटलं की लाजच वाटली.

"आण इकडे."

पिशवी घेऊन ते पायरीवर बसले. तोंडाची गाठ सोडायला त्यांनी बोटं लावली आणि ती तशीच राहिली. गाठ दुहेरी होती, वरून एक जादा फेरा घेतलेली. तिची गाठ एका ओढीत सुटायची. त्यावरून ते तिला नेहमी चिडवायचे, ही गाठ आहे की वटवाघळाला दिलेली रजा?

बराच वेळ ते त्या गाठीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती सोडली, एकेक फेरा, सावकाश.

आत एक तपकिरी मादी होती, पंख अंगाशी आवळलेले. त्यांनी तिच्या छातीवरचे केस फुंकरीने बाजूला केले. स्तनांभोवतीची कातडी उघडी पडलेली होती.

"दूध पाजत होती," ते म्हणाले. "कुठल्यातरी गुहेत पिल्लू असेल."

"बाबा, मी..."

"चहा पी तू."

मादीला त्यांनी स्वतःच्या रुमालात गुंडाळलं आणि बांधाजवळच्या झाडाखाली पुरलं. पिशवी धुऊन, उलटी करून दोरीवर टाकली. जेवणं झाल्यावर त्यांनी विचारलं, "सकाळी मी चहा किती वेळा दिला?"

"एकदाच," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली.

उन्हं उतरल्यावर तिने जाळी खांद्यावर घेतली आणि त्यांना हाक मारली. रोज तिच्या आधी निघणारे बाबा पायरीवरच बसून होते.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "आणि पिशव्या घ्यायला विसरू नकोस."

पिशव्या काढायला ती दोरीपाशी गेली. शेवटच्या पिशवीशेजारी वटवाघळं हाताळायचे त्यांचे चामडी हातमोजे चिमट्याने लावलेले होते. एकेक बोट ओढून काढून दोन्ही उलटे केलेले, शिवणी बाहेर. सुलटे करायला तिने हात पुढे केला आणि मग तसाच मागे घेतला.