पहिलं गिऱ्हाईक

तुरुंगात उद्योजकता शिकवायला येणारे सर टाय लावून यायचे. फाटकावरचा शिपाई तो रोज काढून ठेवायचा. फास लावता येईल अशी वस्तू आत न्यायला मनाई होती. त्यामुळे यशस्वी माणूस कसा दिसतो, हे वर्गाला शेवटपर्यंत कळलं नाही.

सगळ्यात मन लावून शिकायचा तो सलूनवाला. सुटका तोंडावर आली होती आणि बाहेर पुन्हा दुकान टाकायचं, हे त्याचं पक्कं होतं. सरांनी एकदा विचारलं, "तुमच्या धंद्याची कमजोर बाजू कोणती?" कुणी म्हणालं भांडवल, कुणी म्हणालं जागा. सलूनवाला म्हणाला, "गळा."

वर्ग हसला. सर हसले नाहीत, कारण त्यांना कळलंच नव्हतं. मग शेजारच्या बेकरीवाल्याने समजावलं. "दुकानाच्या वाटणीवरून यानं सख्ख्या भावाला मारलं, सर. वस्तऱ्यानं. आता याच्यापुढे मान कोण देणार?"

"प्रात्यक्षिक घेऊ," सर म्हणाले. कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडे प्रात्यक्षिक होतंच. समारोपाला नातेवाईक येणार होते. ज्याने त्याने आपल्या माणसालाच गिऱ्हाईक करायचं.

सलूनवाल्याने वडिलांना निरोप धाडला. खटल्यानंतर ते एकदाही फिरकले नव्हते. या वेळी आले, तेही गालांवर पांढरे खुंट घेऊन. त्याला हायसं वाटलं. म्हातारा दाढी करायची ठेवून आलाय. शिपायाने कात्री आणि वस्तरा दिला आणि तिथेच खेटून उभा राहिला.

"बसा, अण्णा. कसे कापू?"

"विसरलास? बारीक."

कात्री चालू लागली. अण्णांनी डोळे मिटले.

"आई कशी आहे?"

"आहे. कानावरचेही काढ. आमच्याकडचा तो नवा न्हावी, दिसेल तेवढंच कापतो."

केस झाले. सलूनवाल्याने वाटीत साबण घोटला. फेस झकास आला.

"राहू दे," अण्णा म्हणाले.

"पैसे नाही घेत, अण्णा."

"तसं नाही रे. फक्त केस, असं तुझ्या आईला सांगून आलोय."

सलूनवाल्याने फेसाची वाटी बाजूला ठेवली. त्याने मानेवरचे केस झटकले, टॉवेल काढला. अण्णा उठले. "हात अजून हलका आहे तुझा," एवढं म्हणून दाराकडे वळले.

"काय शिकलात?" सरांनी विचारलं.

"माझ्या दुकानात फक्त केस, सर. दाढी नाही."

"स्पेशलायझेशन," सर खूश झाले. शब्द फळ्यावर लिहून त्यांनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. सलूनवाल्यानेही वाजवल्या. हाताला साबण होता, म्हणून आवाज फारसा आला नाही.